बारा ते चार

पहिला दिवस : रॉटरडॅम

बोट सोडताना मी शेवटची सही केली ती विश्रांतीच्या तक्त्यावर. बोटीवरच्या प्रत्येकाला दर महिन्याला हा कागद भरावा लागतो. दिवसाचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटींत पाडलेले असतात. काम केलं ती चौकट भरायची, विश्रांती घेतली ती कोरी ठेवायची. चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नियम चांगलाच आहे, तो नव्हता तेव्हाचे हाल मी जुन्या इंजिनियरांकडून ऐकले आहेत. पण साडेआठ महिने रोज आपल्या झोपेचा हिशेब लिहून खाली सही करत राहिलं, की झोप ही कुणाकडून तरी उसनी आणलेली वस्तू वाटायला लागते.

मी तिसरा इंजिनियर. माझा वॉच, म्हणजे कामाची पाळी, बारा ते चारचा, दुपारी बारा ते चार आणि पुन्हा रात्री बारा ते चार. मार्चमध्ये सिंगापूरला चढलो तेव्हापासून यात खंड नाही. ऑस्ट्रेलियातलं पोर्ट हेडलँड, चीनमधलं छिंगदाओ, दक्षिण आफ्रिकेतलं सालदान्हा, ब्राझीलमधलं तुबाराँव आणि आता रॉटरडॅम. नावं घेतली की घरच्यांना वाटतं, पोरगा जग बघून आला. या सगळ्या बंदरांत आम्ही लोहखनिज भरलं किंवा उतरवलं. अशी बंदरं गावापासून लांब असतात. मला दिसले ते तांबड्या मातीचे डोंगर, खनिज वाहणारे मैलभर लांब पट्टे आणि क्रेनचे दिवे. तुबाराँवला एकदा चार तास बाहेर जायला मिळालं, ते मी एका झाडाखाली बसून काढले. झाड आंब्याचं होतं.

बोट पश्चिमेकडे चालली की घड्याळ मागे घ्यावं लागतं. पंधरा रेखांश ओलांडले की एक तास. वाढलेला तो तास एकाच माणसावर पडू नये म्हणून तिन्ही वॉचमध्ये वीस-वीस मिनिटं वाटून घेतात. पूर्वेकडे निघालं की तोच तास हातातून जातो. कुठल्या देशाची वेळ आपल्या अंगात चालू आहे हे काही महिन्यांनी कळेनासं होतं. कळत राहतं ते एकच, बारा वाजले की खाली जायचं.

सकाळी साडेआठला रॉटरडॅमला जेमतेम फटफटलं होतं. माझ्या जागी आलेल्या केरळी मुलाला मी पंप, गाळण्या आणि कुरकुरणारा एक जनरेटर दाखवला, किल्ल्या दिल्या आणि शिडी उतरलो. एजंटची गाडी वेळेच्या दोन मिनिटं आधी येऊन उभी होती. समुद्र मागे सारून केलेल्या त्या सपाट जमिनीवरून विमानतळाकडे जाताना पवनचक्क्या सोबत होत्या. बुटांच्या शिवणीत तांबडी धूळ होती, ब्राझीलची. आमच्याकडे रेडीच्या खाणीची धूळही याच रंगाची. लहानपणी रेडीहून आलेला माणूस पायावरून ओळखता यायचा.

दुसरा दिवस : मुंबई ते सावंतवाडी

मुंबईत उतरलो तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. सामान घेऊन बाहेर आलो आणि चार वाजेपर्यंत एका खुर्चीत ताठ बसून राहिलो. आजूबाजूला माणसं पेंगत होती. माझा वॉच चालू होता.

रात्रीची कोकणकन्या मिळाली असती तर घरी लवकर पोचलो असतो, पण ती गेलेली. दादरला सकाळची मांडवी धरली. एका अर्थी बरंच झालं, कारण मांडवी दिवसाची गाडी आहे आणि मला रस्ता बघायचा होता. पनवेल मागे पडलं की हवा बदलते असं आई नेहमी म्हणते. खरं तर ती रोहा गेल्यावर बदलते. डोंगर जवळ येतात, भातखाचरं कापून रिकामी झालेली दिसतात, उडव्या रचलेल्या असतात.

वीरपर्यंत लोहमार्ग दुहेरी झाला आहे, पुढे एकेरी. त्यामुळे क्रॉसिंग हा कोकण रेल्वेच्या प्रवासाचा भागच आहे. खेडच्या पुढे एका लहान स्टेशनात गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं, पंधरा, वीस. बोटीवर यंत्र असं न सांगता थांबलं तर एव्हाना पाच माणसं धावत खाली आली असती. इथे लोक खाली उतरले. एकाने नळावर तोंड धुतलं, एका बाईने पोराला उचलून रुळांपलीकडचा बगळा दाखवला. समोरच्या बाकावर कणकवलीचे एक आजोबा होते. त्यांना विचारलं, का थांबली? ते म्हणाले, “समोरसून गाडी येता. तिका जावक देवक व्हया मा?”

मग समोरून गाडी आली आणि धडधडत गेली. आमची हलली. आजोबांनी डबा उघडून अर्धी भाकरी आणि सुकटाची चटणी माझ्यापुढे केली. नको म्हणायची सवय लागली होती, तरी घेतली. ‘तिला जायला द्यायला हवं ना’, हे वाक्य पुढे रत्नागिरीपर्यंत डोक्यात राहिलं. साडेआठ महिने मी उशीर म्हणजे कुणाची तरी चूक असं मानत आलो होतो. इथे उशीर म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी पाळी होती.

करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. त्या काळोखात डब्यातली बडबड आपोआप हळू होते आणि उजेड आला की पुन्हा वाढते. रत्नागिरी सोडल्यावर पानवलच्या पुलावरून खाली बघितलं, चौसष्ट मीटर खोल, आणि तळाशी हिरवंगार. हा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला. त्याआधी मुंबईहून गावी यायचं म्हणजे रात्रभर घाटांतून एसटी, आणि त्याच्याही आधी आगबोट. माझे आजोबा वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचे. बोट किनाऱ्याला लागत नसे, मध्येच पडावात उतरून यावं लागे. घराण्यात बोटीचा संबंध तेवढाच होता, पुढे मी तो वाढवला.

सावंतवाडी स्टेशनला उतरलो तेव्हा ऊन कलतं होतं. मळेवाडमार्गे शिरोड्याला जाणाऱ्या एसटीची वाट पाहत होतो, इतक्यात गावातलाच एक रिक्षावाला दिसला. सामान त्याने न विचारताच उचललं. वाटेत दोनदा थांबला, एकदा कुणाची औषधं द्यायला आणि एकदा नुसतंच, शेताच्या मेरेवर बसलेल्या मित्राला “बोटवालो इलो” हे सांगायला.

घरी आई खळ्यात उभी होती. सारवण नवीन होतं, कडेला रांगोळीचा कणा काढलेला. ती रडली नाही. म्हणाली, “पाय धू आदी. मगे बोल.”

तिसरा दिवस : आरवली

रात्री बारा ते चार जागा होतो. सप्तमीचा चंद्र मावळला तशी बाहेर काळोखी पडली. माडांच्या झावळ्यांचा आवाज आणि लांबून समुद्र. इतक्या जवळून ऐकूनही तो मला वेगळाच वाटला, कारण बोटीवर समुद्राचा आवाज ऐकूच येत नाही. खाली इंजिनाचा असतो, वर वातानुकूलन यंत्राचा. समुद्रावर राहून समुद्र ऐकायचा असेल तर गावीच यावं लागतं.

सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. घरच्या पेजेची चव सांगता येत नाही, ती गळ्याखाली उतरताना कळते. मग माणसं यायला लागली. प्रत्येकाचे दोन प्रश्न ठरलेले, “कधी इलंस?” आणि लगेच “कधी जातलंस?” बाहेरच्या माणसाला हे उद्धट वाटेल. तसं नाही. कोकणातल्या दर घरातलं कुणीतरी मुंबईला, आखातात नाहीतर बोटीवर असतं. येणाऱ्याचे दिवस मोजून त्यातला आपला वाटा किती हे बघण्याची ही रीत आहे. मी “फेब्रुवारीपर्यंत आसय” म्हटलं, की समोरच्याचा चेहरा सैल व्हायचा आणि तो ओट्यावर नीट टेकून बसायचा.

दुपारी जेवणात तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी, भात, सोलकढी. जेवण उरकताना बारा वाजले आणि माझं अंग सावध झालं. घरात मात्र उलटं सुरू झालं. थोरल्या वहिनीने भांडी विसळून पालथी घातली. भावाने पडवीत चटई टाकली. रस्त्यावरची दोन दुकानं फळ्या लावून बंद झाली. कुत्रा तुळशीच्या सावलीत गेला. साडेबाराला सगळी वाडी निजलेली, आणि मी एकटा खळ्यात उभा. घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. पाण्याचा पंप गळत होता, तो उघडला. मागच्या दाराची बिजागरी आवळली. तीन वाजता आईला जाग आली तेव्हा मी पंपाचे तुकडे कागदावर ओळीने मांडून बसलो होतो.

“घड्याळाकडे कित्याक बघतंस? कोण येवचो आसा?” तिने विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चौथा दिवस : वेळागर

पहाटे शिरोड्याच्या वेळागरला गेलो. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर आलं की वाळू एकदम पांढरी पसरते. रापण लागली होती. होडीने अर्धगोल फिरून जाळं टाकलेलं होतं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आली होती. एकेका टोकाला पंचवीस-तीस माणसं, त्यांत बायका, म्हातारे, शाळेला जायच्या वेळेपर्यंत आलेली पोरं. मी बघत उभा राहिलो. रापणीचे म्होरके, तांडेल, जवळून जाताना म्हणाले, “दोरी धर, उभो काय रवलंस?”

दोरी धरली. रापण ओढणं बाहेरून फार संथ दिसतं. चार पावलं मागे जायचं, थांबायचं, पुन्हा चार पावलं. शेवटचा माणूस सुटून पुढे पाण्याकडे जातो आणि पुन्हा दोरी धरतो. माझे हात मजबूत आहेत, मी जोर लावला, तर बाजूची एक काकी म्हणाली, “एकटो ओढू नको, दुसऱ्या बाजूक बघ.” खरंच, दोन्ही टोकं सारख्या गतीने आली नाहीत तर जाळं वाकडं होतं आणि मासे निसटतात. घाई केल्याने उशीर होत नाही, सगळंच जातं. दोन्हीकडची माणसं एकमेकांपासून शंभरेक पावलांवर होती आणि कुणी ओरडून काही सांगत नव्हतं. डोळ्यांनीच चाललं होतं.

दोन तासांनी जाळ्याचं पोट किनाऱ्याला आलं. बांगडे, तारल्या, पेडवे, थोडी सुंगटं, बरेच खेकडे. घारी खाली-वर करत होत्या. तांडेलांनी ढीग पाडले. ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा, हा रापणीचा जुना कायदा आहे. मला सात बांगडे आणि दोन ओंजळी तारल्या मिळाल्या. नको म्हटलं तर तांडेल रागावले. वाटा नाकारणं म्हणजे आपण यांच्यातले नाही असं सांगणं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मासा कमी झालाय हे ते सांगत होते. दिवे लावून रात्री होणारी मासेमारी, मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटी, पूर्वी एका रापणीत यायचे तेवढे मासे आता चार रापणींत नाहीत. बोलताना आवाज चढला नाही, पण हात वाळूत रेघा ओढत होता. गावची संथ लय म्हणजे गावाला चिंता नाही, असं समजून शहरात परतणाऱ्या पाहुण्यांना मला हे दाखवावंसं वाटतं.

“परत कधी येऊ? किती वाजता?” मी विचारलं.

“आज भांग आसा. पुनवेक उधाण येतला, तेव्हा ये. येळ पाणी सांगतला.”

भांग म्हणजे लहान भरतीचे दिवस, उधाण म्हणजे मोठ्या भरतीचे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे रापणीला ठरलेला तास असूच शकत नाही. आज सहाला, परवा पावणेआठला. हे लोक निवांत आहेत ते घड्याळ नसल्यामुळे नाही. त्यांचं घड्याळ चंद्राला बांधलेलं आहे आणि ते पुढे-मागे करणं कुणाच्याच हातात नाही.

पाचवा दिवस : एक कचेरी

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, सातबाऱ्यावर वारसांची नोंद अजून व्हायची आहे. आई या कामासाठी आधी तीनदा जाऊन आली होती. आज मी बरोबर गेलो. साहेब जेवायला गेले होते, मग बैठकीला गेले, मग उद्या या. बाकावर आमच्यासारखी बाराएक माणसं होती. कुणी काजूच्या कलमांत खत घालायचं सोडून आलेलं, कुणी आपली दिवसाची मजुरी बुडवून. एक म्हातारे तर डोंगराकडच्या गावातून दोन एसट्या बदलून आले होते.

मला याचा राग आला आणि तो इथे लिहायला हवा. क्रॉसिंगला थांबलेली गाडी आणि हा बाक, दोन्हीकडे माणसं थांबलेलीच असतात, पण तिथे समोरून गाडी येते. इथे समोरून काही येत नव्हतं. कुणीतरी दुसऱ्यांचा दिवस घेत होतं आणि तो कशासाठी घेतला हे सांगत नव्हतं. “कोकणातले लोक निवांत असतात हो” हे वाक्य अशा ठिकाणी फार सोयीचं पडतं.

आई मात्र त्या म्हाताऱ्यांशी बोलत बसली. परतताना तिला त्यांच्या सुनेचं माहेर, गायीचं दुखणं आणि मोहोर कसा आहे हे सगळं ठाऊक होतं. निघताना त्यांनी तिला पिशवीतली चार तवशी दिली. काम झालं नाही. मी अर्जाची पोच मात्र हट्टाने घेतली, तारीख आणि शिक्क्यासह.

सहावा दिवस, आणि रात्र : जत्रा

कार्तिक संपता संपता आमच्या जिल्ह्यात जत्रा सुरू होतात त्या पुढे दोन-तीन महिने गावोगाव चालतात. आज शेजारच्या गावची. दिवसभर काही विशेष केलं नाही. संध्याकाळी शेजारचे अण्णा बॅटरी घेऊन आले आणि आम्ही शेतातून चालत गेलो. दव पडलं होतं, पायाखाली भाताची खुंटं.

देवळाबाहेर खाज्याची दुकानं. चण्याच्या पिठाच्या काड्या गुळात घोळून वर आल्याचा झणका, हा वास आला की मी आठ वर्षांचा होतो. मुंबईच्या माहेरवाशिणी ओट्या भरायला रांगेत होत्या. बारा वाजून गेल्यावर पालखीची प्रदक्षिणा झाली आणि दशावतार सुरू झाला.

हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रंगमंच म्हणजे एक बाक आणि मागे पडदा. साथीला पेटी, मृदंग, झांज. आधी आडदशावतार होतो, त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती येतात आणि काळा मुखवटा घातलेला संकासुर येऊन पोरांना घाबरवतो आणि हसवतोही. मग आख्यान. आख्यानाची संहिता नसते. कुठली कथा करायची हे त्याच संध्याकाळी ठरतं, कुणी कुठली भूमिका करायची तेही, आणि संवाद नट उभ्या-उभ्या बोलतात. स्त्री-भूमिका पुरुषच करतात. आजची राणी सकाळी नांगर धरणारा माणूस आहे, हे अण्णांनी कानात सांगितलं. तो राजवाड्यातून निघाला तेव्हा पुढच्या दोन बायका पदराने डोळे पुसत होत्या.

माझं शरीर पहिल्यांदाच गावाच्या वेळेत होतं. बारा ते चार मी जागा, आणि माझ्याबरोबर पाच गाव जागे. बोटीवर या तासांत खाली मी आणि एक मोटरमन, मिनिटाला ऐंशी फेरे घेणारं इंजिन, आणि आकड्यांनी भरत जाणारी वही. इथे पोरं आजीच्या मांडीवर झोपली होती, मृदंग वाजला की उठत होती, पुन्हा झोपत होती. कुणी कुणाला जागं राहायला सांगत नव्हतं. मोठी लढाई सुरू झाली, दोन नट तलवारी घेऊन गिरक्या घेऊ लागले, तसा पेटीवाल्याने सूर चढवला. त्याचे डोळे मिटलेले होते. मला आधी वाटलं दमलाय. तसं नव्हतं, तो ऐकत होता.

तीन वाजून गेल्यावर चंद्र मावळला. चारला मी सवयीने घड्याळ बघितलं. वॉच संपला, पण उठावंसं वाटलं नाही. उजाडता दहीकाला झाला, हंडी फुटली, आणि अण्णांनी माझ्या तळहातावर काल्याचा प्रसाद ठेवला. परत येताना मेरेवर दोनदा पाय घसरला. घरी आल्यावर दहा वाजेपर्यंत झोपलो. सातवा दिवस असाच गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं इतकंच की वहिनीने घावणे आणि नारळाचा रस केला होता.

आठवा दिवस : मिठागर

अण्णांबरोबर शिरोड्याच्या मिठागरावर. अजून मीठ धरायला सुरुवात नव्हती, बांध आणि कोंडी नीट करणं चालू होतं. भरतीचं पाणी आत घेतात, ते एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत खेळवत दाट करतात, आणि शेवटच्या उथळ खाचरात ऊन त्याचं मीठ करतं. बोटीवर आम्ही समुद्राच्याच पाण्याचं गोडं पाणी करतो. हवेचा दाब कमी केला की ते कमी उष्णतेत उकळतं, दिवसाला कित्येक टन गोडं पाणी मिळतं आणि मीठ समुद्रात परत जातं. अण्णांना हे सांगितलं तर ते थांबून म्हणाले, “म्हणजे तुमी आमच्या उलटा करतास.”

याच मिठागरांवर मे १९३० मध्ये सत्याग्रह झाला, लोकांनी कायदा मोडून मीठ उचललं. अण्णांच्या आईने लहानपणी ते बघितलं होतं. ती सांगायची की मीठ पदरात बांधून नेताना कुणी पळालं नाही, सगळे चालत गेले. अण्णा हे सांगताना स्वतःही हळू चालत होते. एकदा बांधावर बसलो ते तासभर. पाण्यात शेकाट्या पक्षी लांब पायांनी उभे होते. घड्याळ घरी राहिलं होतं, हे मला परतल्यावर कळलं.

नववा दिवस : वेतोबा

आईचा नवस होता. मी बोटीवर गेलो की ती दरवेळी वेतोबाला केळ्यांचा घड बोलते, आणि मी आलो की फेडते. सकाळी घड घेऊन देवळात गेलो. गाभाऱ्याकडे मोठमोठ्या चामडी चपला ठेवलेल्या असतात, माणसाच्या पायाला कधीच न होणाऱ्या. लोक त्या देवाला वाहतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. झिजलेले तळवे लहानपणी मी हात लावून बघितले आहेत.

मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, हो तुझो लेकरू सात समुद्र फिरान सुखरूप इलो, त्येची राखण केलंस तशीच फुडे कर. आम्ही मागे म्हणालो, “व्हय म्हाराजा.” माझ्या कितीतरी वॉचच्या शेवटी मी दुसऱ्या इंजिनियरला हेच सांगितलं आहे, इंग्रजीत आणि कमी शब्दांत: सगळं ठीक, ताबा घ्या. ताबा घेणारा आला की मगच खाली असलेला माणूस वर जातो, ही शिस्त मी कधी मोडली नाही. त्या देवळात उभा असताना माझ्या मनात आलं, की रॉटरडॅमला त्या मुलाला किल्ल्या दिल्या, पण वॉच कुणाला दिलाच नव्हता. तो घेऊन मी शिडी उतरलो, विमानात बसलो, खळ्यात फेऱ्या मारल्या. घडाखाली हात धरून आई उभी होती. देवापुढे मी मोठ्याने काही बोललो नाही. मनात जे बोललो ते चार शब्दांचं होतं.

घरी येईपर्यंत ऊन चढलं. जेवायला काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि आंबोळ्या. बारा वाजले असावेत, कारण वहिनीने भांडी पालथी घातली. भावाने पडवीत दोन चटया टाकल्या. आई म्हणाली, “वायच आडवो हो.” आडवा झालो. कौलांतून उन्हाची एक तिरीप भिंतीच्या चिऱ्यावर पडली होती, ती हळूहळू खाली येताना बघत होतो.

मध्येच कधीतरी खळ्यात चपला वाजल्या. रिक्षावाला असावा, पंपाबद्दल काहीतरी विचारत होता.

“झोपलो आसा,” आईचा आवाज हळू होता. “चार वाजता ये.”

तो गेल्याचा आवाज मला आला नाही. बहुतेक ओट्यावरच टेकला असावा.